क्रोमवर क्रोम चालत नाही

१२ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. तोंडदेखला आहे, तसाच घे.

पत्र खरं तर दादाला आहे. पण त्याच्या नावाचं पाकीटही तूच फोडतेस, तेव्हा सरळ तुझंच नाव घातलं. फोन करावा तर तूच उचलतेस आणि "हे गाडीखाली आहेत" म्हणून ठेवून देतेस. माणूस आठवडाभर गाडीखालीच राहतो का गं? जेवायला तरी बाहेर येत असेल.

तर बाबांची गाडी ट्रकवर चढवून पाठवली आहे. आतापर्यंत वर्कशॉपच्या दारात उतरली असेल. इंजिन पूर्ण गेलंय. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकाऊ लोकांनी त्याचा जो जीव घेतला, तो मी रोज शेजारच्या सीटवर बसून पाहिला. आता इतका धूर ओकते की परवा एक बाई भर रस्त्यात दार उघडून पळाल्या. त्यांना वाटलं गाडी पेटली. फी परत मागतायत.

दादाने मागच्या महिन्यात फोनवर कबूल केलं होतं, "पाठव, मी करतो." 'मी' म्हणाला होता, हे नीट वाच. तुझी लुडबूड मला माझ्या इंजिनात नको. तू त्याला पाने दे, चहा दे, फार तर फडकं दे.

आता काय घालायचं ते सांगते. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, ग्राइंड करून घ्या आणि त्याला अर्धा मिलिमीटर अंडरसाइजची बेअरिंग बसवा. आणि पिस्टनच्या रिंगा क्रोमच्या. साध्या बिडाच्या नकोत. बाबा म्हणायचे, इंजिन उघडायचं तर एकदाच उघडायचं.

आणखी एक. वर्कशॉप माझ्या आणि दादाच्या नावावर आहे हे तू सोयीने विसरतेस, म्हणून आठवण. एक टायरवाला माझ्या मागे लागलाय, जागा त्याला भाड्याने हवी आहे. दादाला मी कधीच विचारलं नाही, कारण दादाचा हात चालतोय तोवर ते शटर उघडं राहील. पण ज्या दिवशी बाबांच्या जागी दादाऐवजी भलताच कोणी पाना धरेल, त्या दिवशी मी टायरवाल्याला होकार देईन. बाबांच्या नावाची पाटी लावून हौशी लोकांनी इंजिनं नासवलेली मला चालणार नाहीत. हे दादाला वाचून दाखव.

तुझी नणंद


२४ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. माझा मनापासून आहे, पण तुम्हाला पटायचा नाही.

हे कामात आहेत म्हणून मीच लिहिते. तुमचं पत्र त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं.

गाडी उतरली. इंजिन बाहेर काढलं, उघडलं. तेलाच्या नावाखाली आत जे होतं ते खरवडून काढावं लागलं. शिकाऊ लोकांवर कशाला खापर फोडता? तेल बदलायचं काम शिकाऊ लोकांकडे असतं होय तुमच्या शाळेत?

क्रँक मोजला. बाबांनी तो पूर्वी एकदा ग्राइंड केलेला आहे, पाव मिलिमीटरने. त्यानंतर झिजला म्हणावा असा झिजलेला नाही, ओरखडेही नखाला लागत नाहीत. बेअरिंगं मात्र गेली आहेत. हे म्हणतात, क्रँकला फक्त पॉलिश करू आणि पाव मिलिमीटर अंडरसाइजचीच नवी बेअरिंग घालू. जो भाग चांगला आहे तो तासून बारीक कशाला करायचा? दर ग्राइंडिंगला क्रँकचं आयुष्य कमी होतं.

रिंगांचं अजून ठरलेलं नाही. सिलिंडरच्या आतल्या लायनरबद्दल थोडी शंका आहे. घाई करू नका, आणि तोवर तुमच्या दुसऱ्या गाडीत तेल आहे का ते एकदा बघा.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

"हे म्हणतात" की तू म्हणतेस? दादा आणि पॉलिशवर भागवणार? ज्या माणसाने एका बोल्टचा आटा सैल वाटला म्हणून गिऱ्हाइकाला दोनदा परत पाठवलं, तो म्हणणार "चालवून घेऊ"? ही कंजुषी तुझ्या माहेरची आहे. तुझ्या वडिलांचं कापडाचं दुकान. मीटरच्या खालीही मापं असतात हे तुला लग्नानंतर कळलं, आणि आता तू मला पाव आणि अर्धा मिलिमीटर शिकवतेस! कानामागून आली आणि तिखट झाली, ते हे.

मी त्या वर्कशॉपमध्ये वाढले. पाळण्यात खुळखुळ्याऐवजी माझ्या हातात बेअरिंग होतं असं आई सांगायची. लग्न झालं नसतं तर आज ते वर्कशॉप मी चालवत असते, आणि तू कुठेतरी बसून पडद्यांची कापडं मोजत असतीस.

लायनरबद्दल शंका! शंका घ्यायला लायनर काय परका पुरुष आहे? जुना लायनर, नवी रिंग, विषय संपला.

तुझ्यावर सोडलं तर पुढच्या वर्षीही शंकाच चालू राहतील, म्हणून मीच इथून पार्सल पाठवते आहे. अर्धा मिलिमीटरची बेअरिंगं आणि क्रोमच्या रिंगा, दोन्ही उत्तम. आता घालायच्या फक्त. पार्सल दादाने उघडायचं.

टायरवाला परवा पुन्हा आला होता. मी त्याला चहा दिला. पूर्वी देत नव्हते.

तुझी नणंद


१३ फेब्रुवारी

वन्सं,

पार्सल मिळालं आणि हे पत्र पोचेपर्यंत ते तुमच्याकडे परतही पोचेल. बाहेरची दोरी तुमचीच वापरली आहे. कंजूष ना आम्ही.

कापडाच्या दुकानाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे कापड आधी मोजतात आणि मग कापतात. तुम्ही न बघता न मोजता तिकडून बेअरिंग पाठवता, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. क्रँक जितका बारीक, तितकं बेअरिंगचं कवच जाड. क्रँक आहे पाव मिलिमीटर बारीक आणि तुमची कवचं अर्ध्याची. तशीच बसवून बोल्ट आवळले तर क्रँक जागचा हलणार नाही. मग तुमचे विद्यार्थी बंद गाडीत बसून हॉर्न वाजवायला शिकतील.

आता रिंगा. माझी शंका खरी निघाली. हे सिलिंडर इतकी वर्षं वापरून जवळजवळ झिजलेलेच नाहीत, हे बघूनच विचित्र वाटत होतं. कानस लावली तर घसरते. म्हणून मोरचूद आणलं, पाण्यात विरघळवलं आणि थेंब टाकून बघितला. उघड्या लोखंडावर मोरचुदाचं पाणी पडलं की तांब्यासारखा लाल डाग उमटतो. लायनरच्या खालच्या कडेला तो उमटला. आत, जिथं रिंग घासते तिथं, थेंब निळाच्या निळा. म्हणजे आतून क्रोमचा मुलामा आहे. तुमच्या लग्नानंतर बाबांनी कधीतरी असे लायनर बसवून घेतले असणार, आणि तुम्हाला सांगायचं राहिलं असणार.

क्रोमच्या भिंतीवर क्रोमची रिंग चालत नाही. दोन्ही सारख्याच कडक, कोणीच कोणाला जागा देत नाही. रिंग बसत नाही, भिंत ओरबाडली जाते आणि धूर पहिल्यापेक्षा जास्त. हे म्हणतात, इथं साध्या बिडाच्याच रिंगा हव्यात, स्टँडर्ड मापाच्या. त्या स्वतः थोड्या झिजतात आणि भिंतीशी जुळवून घेतात. घरात कोणीतरी बिडाचं असावं लागतं, वन्सं.

वहिनी


२१ फेब्रुवारी

वहिनी,

मोरचूद! मला वाटलं आता लिंबू-मिरची पण बांधशील.

तुझं पत्र घेऊन मी इथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, तुला खोटं पाडायलाच गेले होते. तिथल्या म्हाताऱ्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "ज्याने हे ओळखलं त्याच्याकडे माझं इंजिन पाठवा." मग मला पटलं. असं ओळखणारा आपल्या घरात एकच माणूस आहे. मोरचुदाचा थेंब दादाने टाकला, आणि तू शेजारी उभी राहून पत्रासाठी वाक्यं जुळवत होतीस. "माझी शंका खरी निघाली" म्हणे. आयत्या बिळावर नागोबा.

असो. दादाने सांगितलंय तर बिडाच्या रिंगा आणि पाव मिलिमीटर. दादापुढे माझा शब्द नाही.

पण मला आता त्याच्या हातच्या दोन ओळी हव्या आहेत. दोनच. 'ठीक आहे' एवढं लिहिलं तरी चालेल. लहानपणी माझ्या पाटीवर तो रोज काहीतरी चावट लिहून ठेवायचा, आणि आता बहिणीला सही करायला सवड नाही? की तू कागद पुढे करत नाहीस? मी स्वतः आले असते, पण एकाच गाडीवर शाळा चालवतेय. दिवस उजाडतो आणि कोणीतरी मला खांबावर घालत असतं.

पुढच्या पत्रात दोन ओळी आल्या नाहीत तर मी समजायचं ते समजेन.

तुझी नणंद


९ मार्च

वन्सं,

इंजिन झालं. या पत्राबरोबरच गाडी निघते आहे.

तुम्ही काय घातलं म्हणून विचारणारच, म्हणून सांगते. बेअरिंगं पाव मिलिमीटर अंडरसाइज. एका कंपनीची आणली ती परत केली, कवचाच्या पाठीवर चिरा होत्या. दुसरी चांगली निघाली. बेअरिंगवरची प्रत्येक कॅप आवळून, पुन्हा सोडून, फट मोजली. आवळल्यावर क्रँक एका बोटाने फिरला.

रिंगा बिडाच्या. एकेक रिंग सिलिंडरमध्ये उतरवली, पिस्टनने ढकलून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधली फट बघितली. एका सिलिंडरमध्ये फट कमी आली. तिची टोकं कानशीने जरा जरा घासत नेली. त्यात एक संध्याकाळ गेली आणि एक रिंग मोडली. मोडलेली रिंगही पाठवली आहे, तुम्हाला कुठेतरी बोट ठेवायला जागा हवी म्हणून.

सुरुवातीला गाडी तुम्हीच चालवा. ना दामटायची, ना उगाच उभी करून फुरफुरत ठेवायची. रिंगा बसल्या की तेल बदला. शिकाऊ लोकांना तोवर दुसऱ्या गाडीत खांबांवर घालू द्या.

दोन ओळींचं म्हणाल तर ते लिहीत नाहीत. तुम्हाला समजायचं ते समजा.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

दादाच्या दोन ओळी आल्या नाहीत, तेव्हा मी समजायचं ते समजले. तू ती गाडी दादाला पूर्ण करू दिली नाहीस. मध्येच स्वतःची कला दाखवली असशील आणि आता त्याला कागदावर सही करायची लाज वाटत असेल. म्हणून मी काय केलं ते ऐक. रिंगा बसल्या, धूर नाही, आवाज नाही, तेलाचा थेंब कमी होत नाही, तरी मला झोप लागेना. इथल्या एका मेकॅनिककडे गाडी वर चढवली आणि इंजिनची खालची तेलटाकी उघडायला लावली.

तो खाली, मी त्याच्या शेजारी बॅटरी घेऊन खाली. एक कॅप सोडली. बेअरिंग बघितलं. सगळ्या पृष्ठभागावर सारखी राखाडी झाक, कुठे एक रेघ नाही. प्रत्येक बोल्टवर आवळून झाल्याची पांढऱ्या रंगाची बारीक खूण, बाबा करायचे तशी. मेकॅनिक म्हणाला, "बंद करतो, इथं माझं काही काम नाही."

मी तिथंच गाडीखाली रडले. मेकॅनिकला वाटलं डोळ्यात तेल गेलं. दादाचा हात लपत नाही गं! इतकी वर्षं झाली तरी तोच हात. तू इतकी मध्ये मध्ये करूनही त्याने काम बिघडू दिलं नाही, याचं मला जास्त कौतुक आहे. तूही बघ जरा, वर्षानुवर्षं शेजारी उभी आहेस, काही शिकता आलं तर शीक. निदान खूण तरी करायला शीक.

टायरवाल्याला मी साफ नाही म्हणून सांगितलं. दादाचा हात असा चालतोय तोवर शटर खाली येणार नाही. दादाला सांग, बहीण खूश आहे. तुला काही सांगायचं नाही.

तुझी नणंद


९ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मी वाचलं. गप्पच राहायला हवं होतं. टायरवाला गेला, शटर राहिलं, मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. शहाणी बाई असती तर तिने तुमचं पत्र घडी करून ठेवलं असतं आणि जन्मभर "हे म्हणतात" लिहीत राहिली असती.

पण "निदान खूण तरी करायला शीक" हे मला गिळवलं नाही.

ती खूण मी केली. बोल्ट मी आवळले. क्रँक मी मोजला, मोरचूद मी आणलं, रिंगा मी निवडल्या आणि ती एक मीच मोडली. तुमच्या दादांनी तुमच्या गाडीला बोटही लावलेलं नाही. तुमची गाडी ट्रकवरून उतरली त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात, आणि वाचा गेली. "हे म्हणतात, हे म्हणतात" असं मी लिहीत आले. हे काही म्हणत नाहीत, वन्सं. त्यांच्या तोंडून 'हो' सुद्धा येत नाही.

आणि हेही ऐका. मापं मी आज घेत नाही. कित्येक वर्षं मीच घेते आहे, कारण तुमच्या दादांना चष्मा लावायची लाज वाटायची आणि मायक्रोमीटरच्या रेघा दिसायच्या नाहीत. गिऱ्हाईक समोर असलं की ते मायक्रोमीटर लावायचे आणि मी मागून आकडा सांगायचे. तुम्ही ज्या हाताचं नाव घेऊन गाडीखाली रडलात त्याचे डोळे माझे होते. पण पाना कसा धरायचा, बोल्ट हाताला कधी 'बास' म्हणतो, हे त्यांनीच मला शिकवलं. ते खोटं मी बोलणार नाही.

तुमच्यापासून लपवलं, हे वाईट केलं. पण तुमचं पहिलं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं, भलत्या कोणी पाना धरला तर टायरवाल्याला होकार देईन, त्या वाक्यासकट. हॉस्पिटलमधून आलेल्या माणसाला. त्यानंतर तुम्हाला कुठल्या तोंडाने कळवायचं होतं?

आता द्या होकार. मी अडवणार नाही. फक्त टायरवाल्याला आणायचं तर सकाळी आणा. दुपारी माझ्या हाताला काम असतं. दोन इंजिनं आली आहेत.

वहिनी


२८ एप्रिल

वहिनी,

मी येऊन गेले. तुझ्या घरात बसले, तुझ्या हातचं जेवले आणि तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली असती. म्हणून इथं परत येऊन लिहिते.

जानेवारी ते एप्रिल! माझा भाऊ पडला, उठला, चालायला शिकला, आणि मी इकडे क्रोमच्या रिंगांवरून भांडत होते. प्रत्येक पत्रात मी त्याच्या सहीसाठी तुला टोचत होते आणि तू वाचत होतीस, घडी करत होतीस. तुझ्या छातीत काय बसवलंय गं? दगड? तो गेला असता तर? मला तारेने कळवलं असतंस की पुढच्या पत्रात, बेअरिंगच्या मापांनंतर?

तू भाजी आणायला गेलीस तेव्हा मी दादाला विचारलं, "माझ्यापासून लपवायचं कोणी ठरवलं?" मला वाटलं तो दाराकडे बोट करेल. तुझ्याकडे. त्याने डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

मग मी त्याच्याशी भांडले. इतकी भांडले की घसा बसला. त्याला उत्तर देता येत नव्हतं, म्हणून तो अर्ध्या तोंडाने हसत होता, आणि मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला की मी त्याच्या कुशीत डोकं खुपसलं आणि उठलेच नाही. तू परत आलीस तेव्हा माझे डोळे लाल का होते, याचं हे उत्तर आहे. तू विचारलं नाहीस ते बरं केलंस.

दुपारी मी वर्कशॉपच्या दारात उभी होते, तुला दिसले नसेन. तू कोणाचं तरी इंजिन मोजत होतीस. दादा खुर्चीत. तू मायक्रोमीटर लावलास, आकडा पुटपुटलास, तुझं समाधान झालं नाही, पुसून पुन्हा लावलास. दादाने मान वरही केली नाही. त्याला बघायची गरजच वाटत नव्हती. मी माझ्या भावाला ओळखते. दुसरं कोणी असतं तर त्याने खुर्ची सरकवून सरकवून जीव काढला असता.

टायरवाल्याला मी आधी नाही म्हणाले होते ते दादाच्या हातासाठी. काल तो पुन्हा आला. मी पुन्हा नाही म्हणाले. कोणाच्या हातासाठी ते सांगून तुला डोक्यावर चढवणार नाही.

माझी दुसरी गाडी पाठवते आहे. आवाज करते. तिला बेअरिंगं कुठली, रिंगा कुठल्या, ते मी या पत्रात लिहिलेलं नाही, शोधू नकोस. तू उघड, तू मोज, तू ठरव.

त्या चार महिन्यांची मात्र माफी नाही. ती तुला माझ्या हयातीत मिळणार नाही. गाडी गुरुवारी पोचेल.

तुझी नणंद